पाच हरिसे, दहा जोड्या

मोंजियाच्या हरिशाला गावात कुणी नावं ठेवत नसे. याचं अर्धं श्रेय हरिशाला होतं आणि अर्धं मोंजियाच्या तोंडाला. हरिसा म्हणजे मिरचीची चटणी: सुकवलेल्या लाल मिरच्या, लसूण, शहाजिरे, धणे, मीठ, वर ऑलिव्हचं तेल. ट्युनिशियातल्या नाबेल शहराच्या आसपास कुठल्याही घरात हेच वाटलं जातं. पण आपल्या हातचा तो हरिसा आणि बाकीच्यांचं ते लाल लाल काहीतरी, असं मोंजियाचं ठाम मत होतं आणि ते ती न विचारता ऐकवायची.

अडचण अशी, की तिच्या सहकारी संस्थेतल्या इतर बायकांचंही स्वतःच्या हरिशाबद्दल अगदी हेच मत होतं. त्यात पहिली लतीफा, मोंजियाची जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना गेली कित्येक वर्षं चढाओढ. झाकिया आणि दालेंदा या बहिणीही कमी नव्हत्या. राहिली धाकटी हनिया. तिचं मत काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याला, रिधाला, पोटात अल्सर. म्हणून ती मिरची कमी आणि शहाजिरे जास्त घालायची.

"हा हरिसा नाही गं, मुरंबा आहे," मोंजिया म्हणायची. हनिया हसून सोडून द्यायची.

त्या वर्षी राजधानीतल्या शाकेर नावाच्या व्यापाऱ्यानं संस्थेकडे बरण्यांची मोठी मागणी नोंदवली. अट एकच होती. "पाच जणींच्या पाच चवी मला चालणार नाहीत. एक ठरवा आणि सगळ्यांनी तशीच करा."

लगेच मतदान झालं. चौघींनी आपापल्या हरिशाला मत दिलं आणि हनियानं मोंजियाच्या.

"झालं! मी जिंकले," मोंजिया म्हणाली.

"तिचं मत धरायचं नाही," लतीफा उसळली. "तू तिच्याकडे डोळे वटारून बघत होतीस."

"माझे डोळेच तसे आहेत!"

हे भांडण आठवडाभर चाललं असतं, पण तेवढ्यात मोंजियाच्या बहिणीची मुलगी, एमना, सुट्टीला आली. एमना ट्युनिसमध्ये एका कंपनीत होती. लोकांना कोणतं बिस्किट आवडतं, कोणता साबण आवडतो, हे शोधून काढायचा तिला पगार मिळायचा. मोंजियाला या नोकरीचं नेहमीच नवल वाटे. साबण काय, आवडतो तर आवडतो.

"खाला, पाचही वाट्या समोर ठेवून नंबर लावा म्हटलं, तर माणूस गोंधळतो," एमना म्हणाली. "आणि तुमचा हरिसा चाखल्यावर तर तिसऱ्या घासाला जीभच जागेवर राहत नाही. आपण एका वेळी दोनच देऊ. हा की तो, एवढंच विचारू. पाचांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येकीचा प्रत्येकीशी सामना."

"म्हणजे कुस्तीच की!" लतीफा खूश झाली.

शुक्रवारच्या बाजारात त्यांनी टेबल मांडलं. कुणाचा हरिसा कुठला हे कळू नये म्हणून एमनानं वाट्यांवर चित्रं चिकटवली होती: चंद्र, मासा, किल्ली, खजूर, पणती. येणाऱ्याला एक जोडी, पावाचे दोन तुकडे आणि मग घोटभर ताक. जो आवडेल त्याच्यापुढच्या डब्यात वालाचा एक दाणा टाकायचा; प्रत्येक जोडीचे डबे वेगळे. फुकटचा पाव म्हटल्यावर रांग लागायला वेळ लागला नाही. कोळी आले, शाळामास्तर आले, लेकींना घेऊन बायका आल्या. एक म्हातारा टोपी बदलून तीनदा येऊन गेला.

दुपारी मोंजिया स्वतःच टेबलासमोर बसली. "दे मलाही. डोळे बांधलेस तरी माझा हरिसा ओळखेन."

एमनानं तिच्यापुढे चंद्र आणि मासा ठेवले. मोंजियानं चंद्र चाखला, तोंड वाकडं केलं. "नुसती आग. ही लतीफा." मग मासा चाखला. तिचे डोळे मिटले गेले. तिनं पावाचा उरलेला तुकडाही त्याच वाटीत बुडवला आणि दाणा माशाच्या डब्यात टाकला. "याला म्हणतात हरिसा!"

एमनानं मान खाली घालून ताक ओतलं.

संध्याकाळी मोंजियाच्या अंगणात दाणे मोजले गेले. एमनानं एकेक जोडी सांगितली. मोंजियानं लतीफाला हरवलं होतं, लतीफानं झाकियाला, आणि झाकियानं चक्क मोंजियाला. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मग आमच्यात वरचढ कोण?" झाकियानं विचारलं.

"तुमच्यात कुणीच नाही. नुसती गोल गोल फिरता आहात," एमना म्हणाली. "दालेंदा तुम्हा तिघींकडूनही हरली. पण एकीनं चौघींनाही हरवलंय. थोड्या थोड्यानं, पण चौघींनाही. हनियानं."

अंगणात सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"मुरंबा जिंकला?" मोंजिया ओरडली. "बाजारातल्या लोकांना जिभा नाहीत!"

"परत जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं, गावात सगळ्यात भारी हरिसा कुणाचा? निम्मे तुझं नाव घेत होते, खाला. हनियाचं नाव एकानंही घेतलं नाही. तिखट खाणारा माणूस म्हणून मिरवायला सगळ्यांना आवडतं. पण दोन वाट्या समोर आल्या की पाव हिच्याच वाटीत दुसऱ्यांदा जातो."

"माझा नाही गेला!"

"खाला, तू मासा निवडलास."

"मग? मासा माझाच होता."

"तुझा चंद्र होता."

लतीफा खो खो हसली असती, पण जावेचा चेहरा बघून तिनं ओढणी तोंडाशी धरली. मोंजिया उठली, आत गेली आणि दोन्ही वाट्या घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं पुन्हा चाखून पाहिलं. आधी स्वतःचा, मग हनियाचा, मग परत स्वतःचा.

"माझा असाच असायचा," ती शेवटी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा. मग भिंतीपलीकडून लतीफानं दोन मिरच्या वाढवल्या, म्हणून मी तीन वाढवल्या. तिनं चार. दरसाल तेच. जीभ बधिर होत गेली तशी मिरची वाढत गेली. आता चवीचं काही उरलंच नाही गं, लतीफा. नुसता राग उरलाय."

लतीफानं ओढणी खाली केली. "पाच," ती म्हणाली. "एका वर्षी मी पाच वाढवल्या होत्या." आणि मग दोघीही हसल्या. हसता हसता मोंजियाचे डोळे भरून आले. मिरचीमुळे, असं तिनं लगेच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंजिया एप्रन घेऊन हनियाच्या दारात उभी राहिली. हनिया गडबडून गेली. थोरल्या बाईला मानानं म्हणतात तसं ती तिला 'लल्ला' म्हणायची. "लल्ला मोंजिया, तुम्ही? मी आले असते की!"

"शिकणाऱ्यानं यायचं असतं. सांग, मिरची किती घालायची?"

"मापानं नाही घालत मी. रिधाला चाखायला देते. तो कण्हला की कमी करते."

आतल्या खोलीतून रिधा अभिमानानं खाकरला. व्यापाऱ्याची मागणी आपल्या पोटावर उभी आहे, हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि पहाटेपासून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेच सांगत सुटला होता.

मोंजियानं वाटायला घेतलं. हात सवयीनं मिरच्यांकडे गेला, तसा हनियानं तो हळूच धरला. "नको, लल्ला. एवढं पुरे."

"एवढंच?"

"एवढंच. आता शहाजिरे भाजा. मंद आचेवर."

मोंजियानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण तिनं आच मंद केली. थोड्या वेळानं भाजल्याचा वास घरभर पसरला आणि रिधा चमचा घेऊन स्वयंपाकघरात आला.