बिनअक्षराची पेटी

माही नात स्नेहा आमच्या इंझोरी गावात बसून पेट्या बनवते. लाकडी पेट्या, कहाणीच्या. आत चिठ्ठ्या, नकाशे, बारकी बारकी कुलपं. एक कोडं सुटलं का कहाणी पुढं सरकते अन् दुसरं कुलूप उघडते. लोक वाढदिवसाले, लग्नाले भेट देतात, घरी बसून सोडवतात. पार पुण्यापर्यंत जातात तिच्या पेट्या. पोट्टीचं डोकं म्हंजे डोकं हाय, बाप्पा!

पण खरं सांगू, मले त्या पेट्यायचा राग यायचा. नवी पेटी झाली का घरातले समदे तिच्याभोवती गोल बसत अन् सोडवून पाहत. मी जवळ सरकली का माहा लेक सतीश म्हणे, "माय, चाय मांड." बँकेत नोकरी त्याची, शिकलेला मोठा! मले अक्षर येत नाई. त्या चिठ्ठ्या म्हंजे आंधळ्यापुढं आरसा. मी गॅसपाशी उभी राहून त्यायचं हासणं ऐकत राहायची. एक डाव, फक्त एक डाव, मले त्या गोलात बसावं वाटे.

एक जानेवारीले माहा वाढदिवस, म्हंजे आधार कार्डावर. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यायचा जन्म एक जानेवारीचाच हाय, खरा कोणाले ठाऊक! त्या दिवशी सकाळी स्नेहानं माह्या मांडीवर एक पेटी ठेवली.

"आजी, ही तुयी."

"मस्करी करून राह्यली काय व माही?" मी भडकलीच.

"उघड तं पहिले."

उघडली. आत एकबी अक्षर नव्हतं. एक फडकं व्हतं, त्यावर सुईदोऱ्यानं काढलेली चित्रं. पाटी घेतलेली बारकी पोरगी. मंग तिचा बाप, तिची पाटी उंच फळीवर ठेवून राह्यला. मंग अंड्यावर बसलेली कोंबडी, गाभण बकरी. शेवटी उंबऱ्यात बसलेली पोरगी, फळीकडं पाहत. खाली आतल्या कप्प्याले तीन आकड्यायचं कुलूप. पहिल्या दोन आकड्यायवर कोंबडी कोरलेली, तिसऱ्यावर बकरी.

"सरक माय, मी पाहतो," सतीश म्हणला. त्यानं अंडी मोजली, अकरा. बकरीचे पाय चार. एक, एक, चार. कुलूप हाललं नाई. मंग त्यानं पिसं मोजली, टाके मोजले. सून सपना चष्मा लावून बसली. अर्धा तास झाला, दोघं घामाघूम.

मी मात्र त्या फडक्याकडंच पाहून राह्यली व्हती. डोळे भरून आले. ती पोरगी मीच व्हती. बाप म्हणला व्हता, "कोंबडीनं पिलं काढली अन् बकरी व्याली, का जाय शाळेत." मी दिस मोजत बसली. बकरी व्याली, अन् तिची पिलं राखाले मीच गेली. पाटी फळीवरच राह्यली. स्नेहा लहान असतानी तिले निजवता निजवता सांगतलं व्हतं हे. पोट्टीनं ध्यानात ठेवलं! शिकलेल्यायसाठी कोणीबी पेटी बनवन. बिनशिकल्या आजीसाठी बनवाले काळीज लागते.

"सरक, सतीश."

"माय, तुले..."

"सरक म्हणलं ना!" आकडे मले येतात, मोबाईलवर शिकली. "अंडी काय मोजतं, येड्या? कोंबडी एकवीस दिस बसते. बकरी पाच महिन्यानं व्याते."

दोन, एक, पाच. खट्!

आत पाटी व्हती. काळी, लाकडाच्या चौकटीची, संगं पेन्सिल. पाटीवर स्नेहानं ठिपक्या-ठिपक्यानं दोन अक्षरं काढली व्हती.

"आजी, हे तुयं नाव," ती हळूच म्हणली. "ठिपके जोड."

समदे माह्याभोवती गोल बसले व्हते. सतीशचं तोंड उघडंच. "माय, मलेबी दाखव ना व!"

मी पेन्सिल हातात धरली. पहिल्या ठिपक्यावर टेकवली.

"पहिले चाय मांड, सतीश. माही शाळा भरली."