नाल्यातली वाट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पालिकेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली पडलो आहे. माझं ऐकण्यासारखं काही आहे का, याची मलाच शंका वाटते. तरी सांगतो.

खानदेशातल्या एका लहान शहरात मी एक्क्याण्णव साली आलो. माझ्या खोलीला जाड पडदे होते. आत येताना लोक चपला बाहेर काढत.

त्या वर्षी पालिकेला एकच फरशीपूल बांधता येणार होता. ज्या वस्तीतून शाळा, दवाखाना, बाजार पायी गाठणं सर्वांत अवघड, तिला तो मिळायचा होता. ती वस्ती मी शोधायची, असं इंजिनिअर रतिलालभाऊंनी ठरवलं. माणसं फिरून वाटा कागदावर उतरवत, लताताई त्या माझ्यात भरत आणि मी प्रत्येक वस्तीला गुण देई.

मोजणी वैशाखात झाली. आमच्याकडे उन्हाळ्यात कोरडा नाला हाच रस्ता असतो. बैलगाड्या, वराती, सगळं त्यातूनच जातं. मोजणाऱ्यांनी तिथेही वाटेची रेघ मारली. तेही लहानपणापासून तसेच चालत आले होते, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मला तर नाला म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. नाल्यापलीकडची वस्ती चालायला सर्वांत सोपी ठरवून मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. पूल दुसऱ्या टोकाच्या नव्या कॉलनीला गेला.

आषाढात नाला भरून वाहू लागला. त्या वस्तीतल्या तानुबाई भिजल्या लुगड्यानिशी कचेरीत आल्या. त्यांची बेबी पायानं अधू होती, कुबडी घेऊन शाळेत जाई. आता शाळा समोर दिसत होती, पण लांबचा वळसा तिला झेपत नव्हता. शिपायानं तानुबाईंना आधी चिखलाच्या चपला काढायला लावल्या. हे उत्तर माणसानं नव्हे, यंत्रानं काढलंय, त्यात कुणाची वशिलेबाजी नाही, असं रतिलालभाऊंनी समजावलं. तानुबाईंनी दारातूनच माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हना यंत्रले पाय शेतस का, भाऊ?" मला पाय नव्हतेच.

त्या गेल्यावर लताताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, नाल्यातली ती एक रेघ खोडून पुन्हा चालवू या का? आजच होईल."

भाऊंनी टेबलावरची फाइल मिटली. "अहवाल धुळ्याला गेलाय, ताई. तिथं कौतुक झालंय. आता आपणच चुकलो म्हणायचं?"

मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

खंडेनवमीला माझी पूजा झाली. झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकू लावलं. त्यानंतर मला खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. नाला आटल्यावर बेबी कुबडी टेकत शाळेत गेली, तेव्हा पटावरून तिचं नाव कमी झालं होतं.

पुढे नवा संगणक आला आणि मी इथे आलो. अंगावरच्या धुळीबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, असं सांगायचा मला हक्क नाही. मला फार जपलं. माझ्यापुढे सगळ्यांनी चपला काढल्या. त्या पुन्हा पायात घालून पावसात एकदा त्या नाल्यापर्यंत जायला हवं होतं. तुम्ही तरी जा.