पाठमोरा पंच

"झुको मत सर, झुको मत! हँडलनं वळवा, अंगानं नाही!"

गॅरेजवाल्या रशीदभाईंच्या त्या आरोळीनं अकोल्यातल्या मोर्णा नदीकाठची सकाळ मधोमध उसवली, जुन्या शहराच्या छपरांवरची यच्चयावत कबुतरं एकाच वेळी आकाशात गेली, आणि फाल्गुनातलं ते कोवळं, मधाच्या रंगाचं ऊन क्षणभर पंखांच्या सावल्यांनी थरथरलं. तीनचाकी फटफटी मात्र थरथरली नाही. वळणाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. एखाद्या व्रतस्थ बाईनं देवळात शिरावं तशी ती सरळ, संथ, खाली मान घालून कुटाराच्या ढिगात शिरली. तुरीचं भूस उडालं आणि सोनेरी धुक्यासारखं बराच वेळ हवेत तरंगत राहिलं. ढिगाला तोंड लावून उभी असलेली एक म्हैस अशी काही उधळली, की ती बार्शीटाकळीच्या अलीकडे थांबलीच नसावी असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

भूस खाली बसलं तेव्हा दिसलं ते असं : हँडलवर प्रल्हाद, त्याच्या मागे मी, आणि दोघंही उजवीकडे कललेले. वाऱ्यानं जोंधळ्याची दोन ताटं एकाच बाजूला लववावीत तसे. वळण केव्हाच मागे राहिलं होतं; आमची अंगं अजून ते घेत होती.

"दुचाकी झुकते, मंग वळते," रशीदभाई कपाळाला हात लावून म्हणाले. "हिचं मागलं एक चाक काढून मी दोन बसवले. आता ही झुकत नाही, बस. जिधर मुंडी, उधर गाडी."

प्रल्हादनं नुसतं बाहीवरचं भूस झटकलं. तो बोलतच नाही. ते खातं आमच्यात माझ्याकडे आहे.

प्रल्हाद कबड्डीचा पंच. पोटासाठी तो अमरावतीच्या एका शाळेत कवायत शिकवायचा आणि मी एका कचेरीत कारकुनी करायचो. पण आमचं खरं आयुष्य हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी, गावोगावच्या मैदानांवर, चुन्याच्या रेषांच्या संगतीत गेलं. तो रेषेच्या आत, शिट्टी घेऊन. मी रेषेच्या बाहेर, माइक घेऊन. माझं काम चढाईचं वर्णन करायचं, म्हणजे जे घडलं त्यापेक्षा थोडं जास्त सांगायचं. चांदूर रेल्वेच्या सामन्यात एका पोरानं निसटताना मारलेली उडी मी अशी काही रंगवली, की त्या उडीखालून मालगाडी गेल्याचं शपथेवर सांगणारी माणसं तिकडे अजून भेटतात. प्रल्हाद मात्र घडलं तेवढंच सांगायचा, आणि तेही शब्दांनी नाही. शिट्टीची एक बारीक, थंड रेघ हवेत उमटायची आणि मग त्याचा उजवा हात वर उठून मैदानाबाहेरची दिशा दाखवायचा. त्या हातापुढे दाद नव्हती, फिर्याद नव्हती. मूर्तिजापुरात एकदा दोन्ही गावं काठ्या घेऊन मैदानात उतरली, तरी तो हात तसाच उभा राहिला. संध्याकाळ झाली, त्यावर एक बगळा येऊन बसला, बगळ्याला झोप लागली, आणि मग कुठे दोन्ही गावं माघारी गेली. यातला बगळा तेवढा माझा. बाकी सगळं खरं.

पण मैदानावर मी त्याला फारसं पाहिलंच नाही. तिथे माझे डोळे चढाईपटूच्या पायांवर असायचे. मी त्याला पाहिलं ते अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या रस्त्यावर, त्याच्या फटफटीवर, मागून. तीसेक वर्षं. जग त्याला चेहऱ्यानं ओळखतं. मला त्याची मान पाठ आहे. उजव्या कानाखालचा तीळ, कॉलरवरून वर चढत गेलेली पांढुरकी छटा, न्हाव्याच्या घाईतून दर खेपेला सुटणारी एक बट. सामने हिवाळ्यातच असत, पण आम्हा दोघांना निघायला कारण लागत नसे, म्हणून त्या मानेवर मी वऱ्हाडाचे सगळे ऋतू उतरताना पाहिले : पौषातल्या पहाटे तिच्यावर फुललेला काटा, वैशाखात घाम वाळून उरलेली मिठाची अस्पष्ट रेघ, भाद्रपदात एकेक थांबत, विचार करत घरंगळणारे थेंब. बोरगाव मंजूपासून बडनेऱ्यापर्यंत मी अखंड बोलायचो. गावच्या भानगडी, मेलेल्यांच्या गोष्टी, न घडलेल्या चढाया. आणि ती मान कधीमधी तसूभर हलायची. तेवढ्या हलण्यावर माझं पोट भरायचं. वळण आलं की दोघांनी एकदमच कलायचं. ठरवून नव्हे, एकाच झाडाच्या दोन फांद्या जशा वारा वाटून घेतात तसं.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाठ राहिली, पण डाव्या पायातलं बळ गेलं. थांबलेली फटफटी त्या पायावर तोलून धरणं आता होणार नव्हतं. ज्या माणसाच्या उचललेल्या हातावर गावं थांबायची, त्याच्या बगलेत आता कायम दुसऱ्याचा हात आला. न्हाणीपर्यंत वहिनींचा, फाटकापर्यंत शेजाऱ्याचा, दवाखान्यापर्यंत माझा. सामन्यांची बोलावणी यंदाही आली, पण ती पंचाला नव्हती, पाहुण्याला होती : "सर, आमी गाडी पाठवतो, तुमी फक्त स्टेजवर बसा." शाल, नारळ, आणि मांडीवर गुच्छ. एका सामन्यात मी माइकपाशी बसून पाहत होतो. खाली एका चढाईचा निकाल चुकला तेव्हा गुच्छाखाली त्याचा उजवा हात हलला. वर मात्र उठला नाही.

त्यानंतर एका तिसऱ्या प्रहरी अंगणात, ताडपत्रीखाली झाकलेल्या फटफटीकडे पाहत तो म्हणाला, "एकदा तरी कोनी न धरता जाचं हाय बे. अकोल्याहून घरी. मंग पुढचं पुढं."

वर्षभरातलं त्याचं ते सर्वांत लांब भाषण. मी तडक अकोल्याला रशीदभाईंना गाठलं, फटफटी टेम्पोत घालून तिकडे नेली, पंधरवडाभर वेल्डिंगच्या ठिणग्या झेलल्या आणि जुनी गाडी तीन चाकांवर उभी राहिलेली पाहून एकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्या त्या 'कोनी'मध्ये मी मोजला जात नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मी म्हणजे सीटचाच एक भाग. सीटला कुणी परकं म्हणतं का?

तर ती सकाळ. पहिल्या वळणावर कुटार, दुसऱ्या वळणावर कडुनिंब, तिसऱ्या वळणावर रशीदभाईंचाच बाकडा. दर वेळी त्याचं अंग कलायचं, माझं कलायचं, आणि गाडी सरळ.

"सर एकटे राहिले असते तं केव्हाच शिकले असते," रशीदभाई ओरडले. "हे मागलं पोतं झुकून राहिलं ना!"

पोतं म्हणजे मी. मी त्यावर एक चांगलं लांबलचक उत्तर तयार करत होतो. पण माझ्या पुढ्यातली मान वळली नाही, हलली नाही. शिट्टी नव्हती, प्रेक्षक नव्हते, चुन्याची रेषही नव्हती. उजवा हात हँडलवरून सुटला, सावकाश वर उठला आणि मैदानाबाहेरची दिशा दाखवून थांबला.

त्या हाताचं वर्णन मी माइकवरून इतक्या वेळा केलं होतं, की तो बाहेरून कसा दिसतो हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तो ज्याच्यासाठी उठतो त्याला तो कसा दिसतो, हे त्या दिवशी कळलं. मी उतरलो. भिंतीशी जाऊन बसलो.

दुपार चढत गेली तशी वळणं त्याला वश होत गेली. पाठीचा कणा देवळासमोरच्या दीपमाळेसारखा ताठ, डावा पाय पट्ट्यात निजल्या मुलासारखा निमूट, आणि दोन्ही हात हँडलवर, दोर धरून थोराड बैल वळवावा तसे. वळण आलं की त्याचा खांदा क्षणभर खाली उतरू पाहायचा आणि तो त्याला परत वर बोलवायचा. आयुष्यभराच्या सवयीला त्यानं एकेका वळणावर बाद केलं. खरं सांगतो, आणि खरं सांगायची मला सवय नाही, पण त्या दुपारी चहाचा ग्लास हातात धरून मी त्याच्या पडण्याची वाट पाहिली. फार नाही, कोपराला खरचटेल आणि मला हाक मारावी लागेल, एवढ्याच बेताचं पडणं.

तो पडला नाही.

"मी बसतो ना मांगं," ऊन कलल्यावर मी म्हणालो. "आता चौपदरी रस्ता हाय. वळणच नाही राहिलं."

"नको."

"कावून बे?"

"तू झुकतं."

"नाही झुकत. आईची आन."

"झुकशीन."

रशीदभाई चिंधीनं हात पुसत हसले. "लो! मी गाडीले एक चाक वाढवलं, अन् सरांनी एक मानूस कमी केला."

फटफटीचा आवाज पुलावर गेला, पुलावरून पलीकडच्या गर्दीत गेला, रिक्षांच्या, भोंग्यांच्या आवाजात विरघळत गेला. मी आयुष्यभर त्या आवाजावर बसून बोललो होतो. तो दूर जाताना कसा ऐकू येतो ते मला ठाऊक नव्हतं. तो फार बारीक होत जातो. भांड्याला लागलेल्या धक्क्याचा नाद बोट ठेवायच्या आधीच सरावा, तसा.

मी एसटीत बसलो. बोरगाव मागे पडलं. बांधांवर पळस पेटलेला होता, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर, कापसाच्या गाड्यांतून निसटलेले पुंजके अजून लटकत होते. हंगाम निघून गेला, त्याचं काहीतरी तेवढं काट्याला लागून राहिलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे डाव्या अंगाला तीन चाकं दिसली. बस पुढे निघाली आणि मी लोकांचे पाय तुडवत मागच्या काचेकडे धावलो.

"ओ काका, पडसान ना!" कंडक्टर ओरडला.

काचेपलीकडे प्रल्हाद होता, समोरून. इतक्या वर्षांत गाडी चालवतानाचा त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. हेल्मेटखाली वाऱ्यानं डोळे बारीक झालेले, कडांना पाणी, ओठ घट्ट. पण त्या घट्टपणाच्या आत कुठेतरी एक पोरगेलं, अविश्वासाचं हसू, शाळेतून पळून आलेल्या मुलाचं. मागून पाहताना मला वाटायचं की तो गाडी चालवतो तेव्हा माझं ऐकत असतो. समोरून दिसलं की तो सगळा वेळ फक्त रस्ता पाहत असतो. आणि आणखी एक दिसलं. माझ्या पोटाला जागा मिळावी म्हणून तो नेहमी पुढे सरकून, टाकीला भिडून बसायचा. आज सीटवर दुसरं कुणी नव्हतं. ऐसपैस बसता आलं असतं. तो तसाच, टाकीला भिडून बसला होता. त्याच्या मागे रिकाम्या सीटवर तिरपं ऊन बसलं होतं.

मी हात हलवला. काचेवर उन्हाची तिरीप होती. त्याला दिसला नसावा. मग तो लहान होत गेला, आधी चेहरा गेला, मग माणूस, मग उरला रस्त्यावरचा एक डाग. 

अमरावतीत त्याच्या दारात मला एकट्याला पाहून वहिनींच्या हातातली परडी तशीच राहिली.

"भाऊजी, तुमी बसनं आले? अन् हे?"

"येऊन राहिला मांगून."

"एकटे? तुमाले लाज नाही वाटली?"

"मले बाद केलं वैनी."

एरवी त्या हसल्या असत्या. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. गल्लीत दिवेलागण झाली, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी उगाच दचकलो. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला आम्ही दोघंही आतून उभे राहायचो आणि ती गेली की बसायचो.  माझ्या आठवणीतलं माझं ते सर्वांत लांब मौन. मनात आलं, काळाच्या मैदानाला कडेच्या रेषा नसतात. कोण अजून खेळात आहे आणि कोण केव्हाच बाहेर गेलं, हे दाखवणारा हात तिथे उठत नाही. आपण आपले बोलत राहतो, आणि पुढची पाठ कधीतरी तिथे नसते.

तेवढ्यात तो आवाज आला.

तीन चाकं फाटकातून आत शिरली, सुबकशी वळली आणि थांबली. प्रल्हादनं किल्ली फिरवली, कॅरिअरला बांधलेली काठी सोडवली. वहिनींचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच मागे गेला. तो उतरला. स्वतः उतरला, उभा राहिला, भुवयांवरची धूळ पुसली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वहिनी पाणी आणायच्या निमित्तानं आत वळल्या.

मी घसा खाकरला, मैदानावरचा आवाज काढला. "काय मंग पंच, कसा काय होता रस्ता?"

त्यानं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, मागच्या बाजूला.

"लंबा हाय बे," तो म्हणाला.