नवसाचे गलबत

गेणबाने दोरा मेणावरून ओढला, डोलकाठीच्या शेंड्याला अडकवला आणि त्याची टोके एक उजव्या काठाच्या भोकात, एक डाव्या, अशी ओवली. एकाच अंगाचे दोर आधी ताणले की काठी तिकडे कलते. समोर शकुबाई मांडीवर दोरे वळत बसली होती, समईच्या वाती वळाव्यात तसे.

"वैनी, पीळ सैल पडला. ह्यो दिव्यात जळायचा न्हाय, ह्येनं शीड वडायचं हाय."

ती कसनुशी हसली आणि तोच दोरा पुन्हा वळू लागली.

हातभर लांबीचे हे गलबत बावड्याच्या देवळात टांगायचे होते. तिचा मुलगा सावळा गेणबाच्याच पाठोपाठ मुंबईला गेला आणि गोदीतून गलबतावर चढला. कळंबला साखरेचा कारखाना निघाला तेव्हा बापाने परत बोलावले. तो आला नाही. गेल्या कार्तिकात रत्नागिरीपुढे वादळात दोघे असलेले गलबत उलटले. गेणबा फळीला धरून वाचला. सावळाचा देहही हाती लागला नाही.

हाती लागला नाही म्हणूनच ती नवस बोलली होती : माझे पोर माघारी आण, तुला गलबत वाहीन. मग सप्त्यातल्या कीर्तनात बुवांनी नामाची नौका सांगितली. सारे देऊळ टाळांवर डोलत होते, हिने मात्र नौका एवढेच ऐकले. नवस आधीच फेडून टाकला तर देवाला मागे सरता येणार नाही, असे तिच्या मनाने घेतले. गेणबाला तिला नाही म्हणवले नाही.

सावळाचे वडील हिंदुराव ओसरीवर बसून होते. वर्ष भरत आले होते. भटजींनी उद्याचा दिवस धरला होता. देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा आणि तिळांजली सोडायची. बायकोचा होकार विचारून विचारून ते थकले होते. तिचे म्हणणे एकच, आधी गलबत होऊ द्या.

आता फक्त शीड राहिले होते. सावळाच्या जुन्या धोतराचा तुकडा गेणबाने आडव्या काठीला शिवला, वर ओढायचा दोर कप्पीतून घेतला आणि टोक हातात धरून थांबला.

"बंदराला लागलं की शीड उतरवून गुंडाळत्यात, वैनी. नवस फिटलेलं गलबत म्हंजी तसंच पायजे. गुंडाळू?"

शकुबाईने एकेक दोर बोटाने चाचपला.

"तुमी समदी पाण्यात गेला, तवा शीड कसं व्हतं?"

गेणबाने मान खाली घातली.

"वरच व्हतं. उतरवायला येळच गावला न्हाय."

"मग वरच बांध."

त्याने दोर ओढला. शीड चढले. गाठ मारताना त्याची बोटे चुकू लागली, तेव्हा तिनेच दोर ताणून धरला.

मग ती उठली. कोनाड्यातल्या डब्यातले तीळ सुपात ओतून ओसरीवर आली.

"वाईच सरका," ती हिंदुरावांना म्हणाली. "उजेड येऊ द्या. निवडायचे हाईत."