बुटक्या बोरीचं मूळ

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमचे पाय एका झाडाचे आहेत आणि अंग दुसऱ्या झाडाचे. मी तशीच आहे. अर्जुनी मोरगावजवळच्या एका अंगणातली बुटकी बोर.

माझे अंग आले ते याच अंगणातल्या थोरल्या बोरीकडून. तिची बोरं मोठी आणि गोड. या घरच्या लीलाबाई तिच्या सावलीत बसून पत्रावळी लावायच्या. पण रस्ता रुंद करायचा म्हणून थोरली तुटणार होती. तेव्हा लीलाबाईंचा भाऊ दसरू म्हणाला, "बाई, रडू नको. हिचा डोळा बसवून दुसरी बोर उभी करतो."

डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब. तो दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवला, की वरचे झाड त्या डोळ्याचे होते. मूळ मात्र रोपाचेच राहते.

रोपासाठी दसरूने आपल्या मुलीला, दुर्गाला, नाल्यापलीकडच्या उंच रानबोरीच्या बिया आणायला पाठवले. दुर्गाने त्या बांधावरच्या झुडपी बोरीखालून वेचल्या आणि गप्प राहिली.

डोळा फुटला, तेव्हा सगळ्यांनी माझे कौतुक केले. माझ्या भरवशावर थोरली तुटली. पण झुडपाचे मूळ मला वर चढू देईना. फळ थोरलीसारखेच गोड, उंची मात्र दुर्गाच्या खांद्याएवढी. लीलाबाई डोक्यावर पदर ओढून उन्हात पत्रावळी लावत. त्यांच्याकडे पाहून मला फार अपराधी वाटे.

यंदा बोरं पिकली, तेव्हा एका दुपारी त्या चिडल्याच. "दसरू, झाड हाय का बकरीचा चारा? इच्या सावलीत कोंबडी बी मावत नाही. तुझा डोळाच खोटा. उपट इले!"

"थोडी थोडी वाढून राहिली, बाई," दसरू पुटपुटला. पण कुदळ घेऊन आला.

दुर्गा आडवी आली. "आत्या, डोळा खरा हाय. बिया म्या बांधावरच्या आणल्या."

"काऊन वो माय?" लीलाबाईंनी विचारले.

"नाल्यापलीकडं गंज काटे हायेत, पाय ठेवाले जागा नाही. कंटाळा आला."

लीलाबाई म्हणाल्या, "आता मी बसू कुठं?"

मित्रांनो, फळ कसे आहे ते सगळेच विचारतात. मूळ कोणते, तेही विचारा, आणि झाड लावतानाच विचारा.

दुर्गाने बापाच्या हातातली कुदळ घेतली. "उद्या खऱ्या बिया आणतो. डोळा इचाच घ्या," ती म्हणाली. मग माझ्यापासून लांब, मोठ्या झाडाला लागेल एवढी जागा सोडून, ती खड्डा खणू लागली.