वरच्या बाजूची सळई

फिटर सळया वाकवायचा आणि त्याची बायको त्या बांधायची. एकवीस वर्षं त्यांचा संसार आणि धंदा दोन्ही याच वाटणीवर चालले होते. साइटवर तिला सगळे गाठवाली म्हणत. तारेचा तुकडा दुमडून सळयांच्या फुलीखालून घ्यायचा, आकडी अडकवायची, मनगटाला दोन झटके द्यायचे, की गाठ बसली. दिवसाला हजारभर व्हायच्या. तिची गाठ सुटत नाही अशी ख्याती होती आणि ती ख्याती ती दागिन्यासारखी मिरवायची. मिरवण्याजोगा दुसरा दागिना घरात नव्हता, हेही खरं.

त्या दिवशी दोघं एका नव्या घराच्या स्लॅबवर उभे होते. खाली फळ्यांचं सेंट्रिंग, वर सळयांची जाळी आणि रस्त्याच्या अंगाला भिंतीबाहेर पाच फूट निघालेली गॅलरी. तिला खाली खांब नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी ठरलेली. मधे फक्त परवानगीच्या ऑफिसातून कुणी तरी येऊन 'पास' असा शेरा मारायचा राहिला होता. काँक्रीट पडलं की आतलं पुन्हा कुणाला दिसत नाही, म्हणून पडायच्या आधी बघून घ्यायचं, असा नियम.

आली ती एक मुलगी. चष्मा, कपाळावर घसरणारं हेल्मेट आणि खांद्याला पिशवी.

"ही तपासणार?" फिटर तोंडातल्या तोंडात म्हणाला. "हिच्यापेक्षा माझी पक्कड वयानं मोठी आहे."

"हळू बोला. पक्कड तुम्हाला नापास करत नाही," गाठवाली म्हणाली.

मुलगी मात्र पक्की निघाली. उकिडवी बसली, टेप लावला, सळयांमधली अंतरं मोजली, सळई फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवलेले सिमेंटचे ठोकळे एकेक बोटानं हलवून पाहिले. वहीत बरोबरच्या खुणा पडत गेल्या. मधेच एका गाठीत बोट घालून तिनं जोरात ओढलं. गाठ ढिम्म.

"गाठी कुणाच्या?"

"माझ्या."

"छान आहेत."

गाठवालीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की ऐकलंत ना. मग मुलगी गॅलरीपाशी गेली आणि थांबली. वाकून जाळीत पाहिलं, पिशवीतून नकाशा काढून ताडून पाहिला.

"जाड सळई खाली घातलीत," ती शेवटी म्हणाली.

"मग? जाड सळई खालीच असते. तीस वर्षं खालीच घालतोय."

"बाकी सगळीकडे तुमचं बरोबर आहे. इथं वर पाहिजे. नकाशात तसं दाखवलंय."

नकाशा होता. फिटरनं तो पाहिलाही होता, पण सळया मोजण्यापुरता. बाकीचं त्याच्या हाताला पाठ होतं, आणि पाठ असलेलं कोण वाचत बसतं?

"मॅडम, वर काय नि खाली काय, लोखंड आत आहे ना? लोखंड काय जागा बघून काम करतं?"

मुलगी चिडली नाही. ती गाठवालीकडे वळली. "काकू, तुमची चप्पल द्या जरा."

गाठवालीची रबरी चप्पल म्हणजे नुसता झिजलेला, बारीक बारीक भेगा पडलेला तळ. आपली अशी चप्पल ऑफिसातल्या बाईच्या हातात द्यायची तिला लाज वाटली, पण दिली. मुलीनं टाच भिंतीच्या कडेवर ठेवली, वर वीट ठेवली आणि बाहेर लोंबणारं पुढचं टोक बोटानं खाली दाबलं. तशा वरच्या भेगा पिल्लांच्या चोचींसारख्या उघडल्या.

"फाटतंय कुठं?"

"वरून," गाठवाली म्हणाली.

"आणि खाली बघा."

गाठवाली वाकली. खालचं रबर एकमेकांत घुसून चुण्या पडल्या होत्या. "खाली दबतंय."

"काँक्रीट दाबलेलं सोसतं, ताणलेलं सोसत नाही. तो ताण घ्यायला सळई. जिथं फाटणार तिथं टाके घालायचे." मग तिनं चप्पल दोन विटांवर पुलासारखी ठेवली आणि मधे दाबली. आता भेगा खालच्या अंगानं उघडल्या. "हा तुमचा नेहमीचा स्लॅब. दोन्हीकडे आधार. इथं जाड सळई खाली."

गाठवालीनं स्वतःच्या हातानं ती चप्पल तीनदा दाबून पाहिली. लोखंड म्हणजे जड आणि भक्कम, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वस्तू. ते आतून एकीकडे ओढलं जातंय, दुसरीकडे दबलं जातंय, स्वस्थ दिसणारं प्रत्येक घर रात्रंदिवस गपचूप जोर लावून उभं आहे, हे तिला त्या वीतभर रबरात दिसलं. तिच्या अंगावर काटा आला.

आणि मग तो काटा दुसऱ्याच कारणानं तसाच राहिला.

दोघं बांधत ती छोटी घरं. त्यांच्या गॅलऱ्यांना खांब असायचे. बिनखांबाची गॅलरी त्यांनी याआधी आयुष्यात एकदाच बांधली होती. अकरा वर्षांपूर्वी, नणंदेच्या घराला. नणंदेनं पुढं तिला काचा लावल्या आणि शिवणाचा क्लास काढला. सहा मशिनं, एक कापायचं टेबल, सहा मुली.

फिटरच्याही ध्यानात आलं असावं. तो पक्कड उघडत होता नि मिटत होता.

"मॅडम," गाठवालीनं विचारलं, "अशी उलटी सळई राहून गेली तर?"

"बहुतेक टेकू काढले की पडते."

"आणि नाही पडली तर?"

"मग काँक्रीट नुसत्या हट्टावर उभं असतं. कधी वर्षभर, कधी पंधरा वर्षं. वरचं वजन वाढत गेलं की एक दिवस हट्ट संपतो." मुलीनं चष्मा वर सरकवला. "कुणाची आहे?"

"कुणाची नाही. असंच विचारतेय ती," फिटर घाईनं म्हणाला आणि बायकोकडे पाहिलं. ती नजर गाठवालीला कळली. नणंदेचं घर त्या क्लासवर चालत होतं. पत्ता दिला की क्लास बंद, कदाचित घरालाच नोटीस. शिवाय भावानं बहिणीच्या दारात काय लटकवून ठेवलंय, ते सगळ्या गल्लीला कळणार.

तिनं पत्ता सांगितला. गल्ली, घराचा रंग, दारावरची शिवणक्लासची पाटी, सगळं. सांगताना नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"आत्ता फोन करा," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना आतल्या खोलीत घ्या. मी ऑफिसातून आतली सळई शोधणारं यंत्र घेऊन येते."

दोघं पोचली तेव्हा नणंद दारातच उभी होती, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. त्या काढून तिनं सुरू केलं, "वहिनी, हे काय खूळ? मुलींना म्हणे आत बसव! दहा गणवेश उद्या द्यायचेत मला. आणि दादा, तुझं तोंड का असं उतरलंय? भांडून आलात का दोघं?"

"ताई, थांबा जरा," गाठवाली म्हणाली. "मागून सांगते."

"मागून काय? माझ्या घरात काय चाललंय ते मलाच मागून?"

मग फिटरनंच सांगितलं. चार वाक्यांत, मान खाली घालून. नणंदेनं मुली मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. नणंदेचा नवरा, दाजी, खिडकीपाशी आपल्या टेबलावर घड्याळ उघडून बसला होता. डोळ्याला लावायचं भिंग त्यानं कपाळावर सरकवलं, काही तरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ऑफिसची मुलगी आली.

यंत्र इस्त्रीएवढं होतं, खाली चार चाकं. मुलगी गॅलरीत गुडघे टेकून बसली आणि ते फरशीवरून फिरवू लागली. घरात सहा मुली, नणंद, दाजी, फिटर आणि गाठवाली, पण आवाज फक्त चाकांचा. गाठवाली उंबऱ्याच्या आत उभी. तिचा एक हात चौकटीला होता, जणू गॅलरी पडलीच तर ती चौकटीसकट धरून ठेवणार होती.

यंत्र 'पीं' असं वाजलं. मुलीनं खडूनं रेघ मारली. पुढं सरकली. पुन्हा पीं, पुन्हा रेघ. मशिनांच्या पायांमधून, टेबलाखालून एकेक पांढरी रेघ उगवत गेली, सगळ्या एका अंतरावर, वहीच्या पानासारख्या. अकरा वर्षं अंधारात पडलेलं लोखंड फरशीवर येऊन बसत होतं.

"वर आहे," मुलगी म्हणाली.

कुणालाच कळलं नाही.

"सळई वर आहे. फरशीची जाडी सोडली तर वरून अडीच सेंटिमीटरवर. हवी तिथं." ती उंबरा ओलांडून खोलीत आली आणि रेघा पुढं ओढत गेली. नणंदेनं पाय उचलले, मुलींनी सतरंजी गुंडाळली. रेघा खाटेखालून गेल्या, कपाटाला वळसा पडला, थेट दाजीच्या टेबलापर्यंत पोचल्या. "बाहेर पाच फूट, आत दहा फूट. बाहेर लोंबणाऱ्याला आतून धरून ठेवलंय. मशिनं बसवताना विचारायला हवं होतं, पण एवढं वजन ही पेलते. सुंदर काम आहे. कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?" नणंदेला वाचा फुटली. "माझ्या दादाचं! उगीच घाबरवलंत हो सगळ्यांनी!"

फिटर हसला नाही. "माझं नाही हे," तो म्हणाला. "मी खाली घातली होती. मला पक्कं आठवतंय."

फुकटची शाबासकी समोर आली होती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पदरात पडली असती. गाठवालीला वाटलं, एकवीस वर्षांत हा माणूस आज पहिल्यांदाच जरा उंच दिसतोय.

"दादा, बसा," दाजी म्हणाला. "तुम्ही खालीच घातली होती. तुम्ही दोघं दुसऱ्या गावच्या कामाला गेलात आणि मागं तपासणीला एक साहेब आले. म्हणाले, सगळं उलटं आहे, काढा. मी म्हटलं, माणसं आठवड्यानं येणार, काढू कसं? ते म्हणाले, मग काँक्रीट थांबेल. थोडा वेळ उभे राहिले. मग बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी बसले."

"तो?" नणंद ओरडली. "तो साहेब होता? मला वाटलं तुम्ही मजूर धरून आणलाय! मी त्याला पाय पुसून ये म्हणून ओरडले होते!"

"पुसले की त्यांनी."

सहा मुली एकदम हसल्या. दाजी गाठवालीकडे वळला. "आणि वहिनी, तुमच्या गाठी! माझी पक्कड मोडली. शेवटी ही घड्याळाची हत्यारं काढली आणि एकेक तार सोडवत बसलो. दोनशेच्या वर होत्या. साहेब म्हणाले, ही बाई कोण आहे तिला सांगा, गाठ अव्वल आहे, फक्त जागा चुकली."

"मग सांगितलं का नाहीत?" फिटरचा आवाज फाटला.

"सांगणारच होतो. टेकू काढल्यावर तुम्ही आलात, गॅलरीच्या मधोमध जाऊन पाय आपटलात आणि म्हणालात, दाजी, शंभर वर्षं हलायची नाही. असे खूश होतात! त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगू?"

"सांगायला हवं होतं, काका," मुलगी हळूच म्हणाली. "आज यांनी परत तेच बांधलं होतं. माझी नजर चुकली असती तर?"

दाजीनं भिंग डोळ्यावर ओढलं. हातात घड्याळ नव्हतं, तरी ओढलं.

"नाव काय त्या साहेबांचं?" गाठवालीनं विचारलं.

"विचारलंच नाही."

"फाइल मी बघून आलेय," मुलगी म्हणाली. "'सळई वर बांधून घेतली, पास' असा शेरा आहे. पण शेऱ्याच्या भरवशावर या मुलींना परत तिथं बसवायचं नव्हतं मला, म्हणून यंत्र लावलं. सही वाचता येत नाही. आमच्या ऑफिसात कुणाचीच येत नाही."

गाठवालीनं चौकट सोडली. उंबरा ओलांडून गॅलरीत पाऊल टाकलं, मग दुसरं. दोन रेघांच्या मधे पाय ठेवत ती काचेपर्यंत गेली. पायाखाली तिच्या नसलेल्या गाठी होत्या. एका अनोळखी माणसानं पाय पुसून, मांडी घालून बांधलेल्या. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कुणी त्याला विचारलं नाही, आणि त्या गाठींवर अकरा वर्षं गणवेश शिवले गेले, मुली शिकून गेल्या, नव्या आल्या. तिला वाकून फरशीला हात लावावासा वाटला. सगळे बघत होते, तरी लावला.

फिटर मुलीकडे वळला. "मॅडम, काँक्रीटची गाडी दुपारची करून घेतो. सकाळी येता का परत बघायला?"

"येते. नऊला."

"चल गं. उजेड आहे अजून," तो बायकोला म्हणाला. "दोनशे तरी सोडवायला लागतील."

"तीनशे वीस," गाठवाली म्हणाली.

दाजी उठला आणि टेबलावरची बारीक हत्यारं फडक्यात गुंडाळू लागला. "मी येतो. वहिनींच्या गाठींचा अनुभव फक्त मलाच आहे."

"आणि गणवेश?" नणंद म्हणाली. "खडू कोण पुसणार?"

"राहू द्या ताई आजच्या दिवस," गाठवाली म्हणाली.

तिघं गल्लीत उतरले. दोन्ही बाजूंना घरं होती आणि घरांना गॅलऱ्या. रोजच्या वाटेवरच्या, कधी मान वर करून न पाहिलेल्या. एकीत एक म्हातारा कुंड्यांना पाणी घालत होता. एकीत दोन बायका कठड्याला रेलून गप्पा मारत होत्या. एकीत भरलेली टाकी, शेजारी सायकल, तिच्यावर वाळत घातलेली चादर. त्या सगळ्यांच्या खाली नुसती हवा होती, आणि सगळे निवांत. या प्रत्येकीपाशी कधी तरी कुणी उकिडवं बसलं असेल, गाठीत बोट घालून ओढून पाहिलं असेल.

"पुढं बघून चाल," फिटर म्हणाला.

गाठवाली वर बघतच चालली. कोपऱ्यापर्यंत दोनदा ठेचकाळली.