आश्रुबांच्या पालातली बाज

मी एक जुनी बाज आहे, बाभळीच्या चार खुरांवर उभी आणि सुंभाने विणलेली. कोणी टेकले की कुरकुरते. पण मित्रांनो, ती तक्रार नव्हे, माझा स्वभावच तसा आहे.

उमापूरच्या बंकट सुतारांनी मला दूध संस्थेसाठी घडवले. सकाळी दूध घालून झाले की माणसे माझ्यावर बसून गावभरच्या गप्पा हाणत. "बाज लई दणकट हाय," असे कोणी म्हटले की मी फुशारून जाई. पुढे संस्थेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. माझ्यावर पेंडीची पोती पडली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग दुष्काळ पडला. संस्थेने माळावर चारा छावणी उघडली आणि जनावरांसोबत माणसेही तिथे पाल ठोकून राहू लागली. गाई राखणाऱ्या आश्रुबांनी मला मागून नेले, बायकोसाठी. सत्यभामाबाईंना स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झाले होते, केमोची इंजेक्शने बाकी होती. घरी एकटी राहायला नको म्हणून त्यांनी बायकोला छावणीत आणले होते.

माणसाने अंग टाकावे, म्हणून तर बाजेचा जन्म. पण या बाई उठेचनात. पालाच्या कापडाकडे तोंड करून पडून राहत. भाकरी तशीच वाळून जाई. भेटायला आलेल्या बाया "मन घट्ट कर" म्हणत आणि निघून जात. आजाराचे नाव कोणीच घेत नसे. आश्रुबा मनातले सगळे आपल्या गाईला सांगत, बायकोला मात्र नाही. एके दिवशी बाई म्हणाल्या, "पुढचं इंजेक्शन नको मला. नेऊ नका." तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

आश्रुबांनी त्यांना कसेबसे डॉक्टरांकडे नेले. हा नुसता अशक्तपणा नाही, नैराश्याचा आजार आहे, कॅन्सरच्या रुग्णांना तो होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मनासाठी गोळ्या दिल्या. शिवाय समुपदेशक शिवकन्याताई दर आठवड्याला पालात येऊ लागल्या. त्या उपदेश करत नसत. "काकू, आज कसं वाटतं?" एवढेच विचारून थांबत. सत्यभामाबाईंनी आधी पालाच्या कापडाकडे तोंड फिरवले. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "मला माझंच ओझं झालंय बाई," आणि खूप रडल्या. ताईंनी त्यांना रडू दिले. जाताना एक काम सांगितले: सकाळी गाईला हौदावर न्यायचे, जमेल तेव्हाच.

काही आठवड्यांनी बाई स्वतःहून भाकरी मागू लागल्या, गाईला पाण्यावर नेऊ लागल्या, नाकारलेले इंजेक्शनही घेऊन आल्या. मी दुपारभर रिकामी! रिकामे राहण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि इथेच आश्रुबांनी घोळ घातला. आजारी जनावर रवंथ करू लागले की औषध बंद, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. बायको जेवू लागली तशा त्यांनी गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत बाई पुन्हा आडव्या, पुन्हा "नेऊ नका", आणि केमोच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख तर तोंडावर.

"काका, गोळ्या कावून बंद केल्या?" ताईंनी विचारले.

"बरी झालती की. रवंथ सुरू झालं की आमी गाईलाबी देत न्हाई."

ताईंना हसू आले, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं वाटलं तरी डॉक्टरांना इचारल्याबिगर गोळी सोडायची न्हाई. अन् सगळं गोळीवर टाकू नका. गाईसंगं बोलता ना, तसं काकूंसंगंबी बोला."

डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण त्यांचा गुण यायला वेळ लागणार होता, आणि केमो उद्यावर आली होती.

संध्याकाळी धार काढून आश्रुबा माझ्या कडेला येऊन बसले. बराच वेळ सुंभ चाचपत राहिले. मग म्हणाले, "सत्यभामा, तुला कॅन्सर झालाय. मला लई भ्याव वाटतं."

तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"मला वाटलं, तुमी कंटाळले मला."

"न्हाई गं."

दोघेही रडले. मी कुरकुरलेसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने बाई उठून बसल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "सकाळची गाडी कितीला हाय?"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे पडून राहिले तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, औषध दिले असेल तर ते नेमाने चालू ठेवा. आणि आजारी माणसाच्या बाजेवर, अगदी कडेला, एका माणसापुरती जागा असतेच. तिथे बसा.